चौथ्या विभागातला पहिला नंबर

साल मी मुद्दाम लिहीत नाही. साल सांगितलं की स्कॉटलंडच्या फुटबॉलमधल्या खालच्या विभागांच्या विजेत्यांची यादी काढून कुणीही एका मिनिटात क्लबचं नाव शोधेल, नावावरून गाव आणि गावावरून ते गृहस्थ. त्यांनी मला सांगितलं होतं, लिहायचं तर लिहा, पण माझं नाव नको. तेव्हा इतकंच सांगतो की गेल्या दशकाचा उत्तरार्ध होता, मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि सिंगापूरला येऊन मला अकरा वर्षं झाली होती.

आम्ही तोआ पायोहला बाराव्या मजल्यावर राहत होतो. ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये. दोनदा गाडी बदलून, चालणं धरून, पंचावन्न मिनिटं. एका यादीतला व्यवहार दुसऱ्या यादीत आहे का ते पाहायचं आणि नसला तर का नाही ते शोधायचं, हे माझं काम. ऐकणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं. मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षी कंपनीने ठरवलं की स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात होणारं हेच काम आमच्याकडे आणायचं आणि तिथलं ऑफिस बंद करायचं. तिथे कधीकाळी सात माणसं होती. आता हे एकच गृहस्थ उरले होते, वय एकसष्ट. त्यांच्याकडून काम शिकून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली. कामाचे चौसष्ट टप्पे पाडले होते. प्रत्येक टप्पा आधी त्यांनी करून दाखवायचा, मग मी तो तीनदा बिनचूक करायचा, मग त्या टप्प्यासमोर दोघांनी सही करायची. चौसष्टावी सही झाली की दोन आठवड्यांत तिथलं ऑफिस बंद. म्हणजे मी जितक्या लवकर शिकेन तितक्या लवकर त्यांची नोकरी संपणार. हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावर आम्ही बोलत नसू.

हिवाळ्यात आमच्यात आठ तासांचं अंतर असे. मी दुपारी चारला फोनवर बसायचो तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे आठ, आणि अजून नीट उजाडलेलं नसायचं. त्यांचा आवाज त्या अंधारातून येत असल्यासारखा हळू असायचा. माझ्या खिडकीबाहेर ऊन इतकं पांढरं असे की समोरच्या इमारतीच्या काचा पाहवत नसत. बोलता बोलता ते मध्येच म्हणायचे, आता गोलपोस्ट दिसायला लागला. त्यांच्या खिडकीतून गावच्या क्लबच्या मैदानाचा एक कोपरा दिसत असे. एवढंच वाक्य, आणि पुन्हा काम. पण मला ते वाक्य घरी जाईपर्यंत पुरायचं. कल्लंगच्या आसपास गाडी पुलावरून जाऊ लागली की डोळे मिटायचे आणि अंधारातून हळूहळू वर येणारा एक पांढरा गोलपोस्ट बघायचा.

फुटबॉलशी माझा तोवर काहीही संबंध नव्हता. तो आला एका चुकीच्या फाइलमुळे. एका सोमवारी स्क्रीनवर याद्या दाखवायच्या होत्या आणि त्यांनी भलतीच फाइल उघडली. दहा ओळींचा तक्ता होता: दहा क्लब, खेळलेले सामने, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण. ते ‘माफ करा’ म्हणून बंद करणार एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

‘तुमचा एक गोल हरवलाय.’

त्यांनी विचारलं, कुठला गोल. मी म्हटलं, कुठला ते मला कसं कळणार, पण दहाही क्लबांनी केलेल्या गोलांची बेरीज आणि दहाही क्लबांनी खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी यायला हवी. एकाने केला की दुसऱ्याने तो खाल्लेला असतोच. तुमच्या तक्त्यात एकाचा फरक येतोय.

त्यांनी ती फाइल मिटून याद्या उघडल्या. मला वाटलं, आपण आगाऊपणा केला. दुसऱ्या दिवशी फोन लागल्या लागल्या ते म्हणाले की सापडला. सप्टेंबरमधला एक सामना, दोन परक्या क्लबांचा. एका बाजूला त्यांनी दोन लिहिले होते आणि दुसऱ्या बाजूला एकच. मग म्हणाले, ‘तीस वर्षं मी हा तक्ता ठेवतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्षानुवर्षं एकट्याने राहिलेल्या घरात कुणीतरी दिवा लावल्यावर जसं वाटावं तसं काहीतरी होतं.

तेव्हापासून सोमवारच्या फोनची शेवटची दहा मिनिटं फुटबॉलची झाली.

क्लबची नोंदवही ते ठेवत होते, पगाराशिवाय, निव्वळ आवडीने. प्रत्येक सामना, प्रत्येक गोल, गोल करणारा, मिनिट. क्लब सगळ्यात खालच्या, म्हणजे चौथ्या विभागात. दहा क्लब, प्रत्येकाशी चार सामने, हंगामात छत्तीस. क्लबमधले खेळाडू आठवडाभर इतर नोकऱ्या करत: कुणी सुतार, कुणी शाळेत शिक्षक. मैदान समुद्रापासून जवळ. वारा उलटा असला की गोलकीपरने मारलेला चेंडू पुन्हा त्याच्याकडेच यायला बघतो, असं ते सांगायचे, आणि ही थट्टा आहे की निरीक्षण हे मला कळायचं नाही. मी मात्र ते जसंच्या तसं धरून चालत होतो. ऑफिसमधून एक्स्पो स्टेशनकडे चालताना डोक्यावरून विमानं खाली उतरत असत, त्यांच्या पोटाखालची चाकं दिसत, आणि मला त्यांच्या जागी वाऱ्यात जागच्या जागी तरंगणारे समुद्रपक्षी दिसायचे.

त्यांना खालच्या विभागांच्या विजेत्यांची सबंध यादी पाठ होती. अगदी सुरुवातीपासून. मध्ये दोन महायुद्धांच्या रिकाम्या जागा. विसाच्या दशकात तिसरा विभाग म्हणून काढलेला एक प्रयोग, जो जेमतेम तीन हंगाम टिकला आणि शेवटच्या वर्षी सामने पुरे न होताच बंद पडला. त्या ओळीपुढे त्यांनी एक लांबलचक टीप दिली होती. पहिला आलेला, पण विजेता म्हणायचं का? मला ती टीप फार आवडली. मीही यादी पाठ करायला घेतली. रोज पाच वर्षं, गाडीत. ती म्हणजे गावांची यादी होती: कापडाच्या गिरण्यांची, कोळशाच्या खाणींची, मासेमारीची गावं. मी नकाशा बघितला नाही. नावांवरूनच प्रत्येक गावाला एक रंग आणि एक उतार दिला होता.

काही नावं पुन्हा पुन्हा यायची. याचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. खालच्या विभागात पहिला आलेला क्लब वरच्या विभागात जातो, तिथे दर शनिवारी हरतो आणि एकदोन वर्षांत परत खाली येतो. मग पुन्हा कधीतरी पहिला. ‘आमच्याकडे जिंकण्याची शिक्षा मिळते,’ ते म्हणाले. त्यांच्या क्लबचं नाव मात्र यादीत एकदाच होतं, ते तिशीत असतानाचं.

घरी हे लपून राहिलं नाही. रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत मी आदल्या दिवशीचे निकाल उतरवून घेऊन बेरजा करायचो. शनिवारचा सामना आमच्या इथे रात्री सुरू व्हायचा आणि मी साडेदहाला झोपणारा माणूस. तेव्हा निकाल सकाळीच. बायको कढईपासून विचारायची, ‘काय रे, तुझ्या गावाला पाऊस झाला का?’ लिटिल इंडियात कढीपत्ता आणि भगर घ्यायला जायचं असायचं, आणि मी बेरीज जुळल्याशिवाय उठायचो नाही. मुलगी पंधरा वर्षांची. तिने एकदा माझ्या खांद्यावरून बघितलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘बाबा, फोर्थ डिव्हिजन ओन्ली. फर्स्ट इन लास्ट, लाह.’

मी हे सोमवारी त्यांना सांगितलं. ते हसले, खूप वेळ हसले. म्हणाले की आमच्या क्लबच्या फाटकावर लिहायला हवं हे.

डिसेंबरात क्लब पहिल्या क्रमांकावर गेला. जानेवारीतही तिथेच होता. त्यांच्या बोलण्यात फरक पडला तो असा, की ते क्लबबद्दल कमी बोलू लागले. फक्त तक्ता बघायचे आणि म्हणायचे, अजून वेळ आहे.

त्याच सुमारास त्यांनी मला मुलीचं सांगितलं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात, तिला एप्रिलअखेरीला मूल व्हायचं होतं. तिने बाबांना केव्हापासून बोलावलं होतं. त्यांनी तिला शब्द दिला होता: नोकरीचा शेवटचा दिवस झाला की त्यानंतरच्या शुक्रवारी विमानात बसेन. घर विकायचं ठरलं होतं, तारीख तेवढी भरायची बाकी होती. हे सगळं त्यांनी एखाद्या टप्प्यासारखं क्रमाने सांगितलं, आणि पुढे काही जोडलं नाही. मी फोन ठेवल्यावर कॅलेंडर काढलं. हंगामाचा शेवटचा शनिवार मेच्या पहिल्या आठवड्यात. चौसष्टावी सही एप्रिलच्या मध्यानंतर झाली तर ते तो दिवस मैदानावर बघतील. मार्चमध्ये झाली तर नाही. तीस वर्षं ज्याने प्रत्येक गोल लिहिला, तो माणूस क्लब विजेता झाला तर तिथे असेल की नसेल, हे माझ्या सहीवर होतं.

त्यांनी काही मागितलं असतं तर सोपं झालं असतं.

फेब्रुवारी संपता संपता त्रेसष्ट टप्पे पुरे झाले. अठ्ठावन्नावा राहिला. ती वर्षअखेरीची जुळणी. एकतीस मार्चनंतरच ती करता येते, आणि पुरी व्हायला एप्रिलचे दोन आठवडे जातात. आमची मॅनेजर सिंगापूरचीच, बोलायला तडक, मनाने चांगली. तिने सांगितलं की लेखी सूचना आहेतच, त्या वाचून सही कर आणि विषय संपव. मी म्हटलं, जे केलेलं नाही त्याच्यासमोर मी सही करत नाही. ती म्हणाली, नियमाप्रमाणे ते तीनदा करायचं तर तीन वर्षं लागतील, तेवढे दिवस थांबू का? मी म्हटलं, तीनदा नाही, निदान एकदा तरी. ती म्हणाली, ठीक, कारण लिही.

त्या संध्याकाळी मी हलका होऊन घरी आलो. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये उगाचच कॉफी घेतली. पंखे फिरत होते, म्हातारी माणसं वर्तमानपत्र घेऊन बसली होती, आणि मला त्या सगळ्यांच्या पलीकडे मेच्या पहिल्या शनिवारचं मैदान दिसत होतं, फाटकाशी उभे असलेले एक गृहस्थ, हातात वही. चेहरा नव्हता, मी त्यांचा फोटो कधी बघितलाच नव्हता. मी माझ्या तत्त्वाने वागलो होतो आणि त्यातच त्यांचंही भलं होत होतं. असं क्वचित जमतं.

मग मला खात्री करावीशी वाटली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहराचं काम मी असंच आणलं होतं. त्याची कागदपत्रं काढली. तिथेही वर्षअखेरीचे दोन टप्पे होते. दोन्हींसमोर माझी सही, जानेवारीतली. न करता, नुसत्या लेखी सूचना वाचून.

 अक्षर माझंच होतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आता स्वतःचंच ऑडिट काढलंस. अरे, तेव्हा चुकलास, आता बरोबर वागतोयस, इतकंच.’ मी म्हटलं, तसं असतं तर मला आधी कॅलेंडर काढायची गरज पडली नसती.  ती म्हणाली, ‘पण कुणाचं काय बिघडतंय?’ खरं म्हणजे कुणाचंच काही बिघडत नव्हतं. ऑस्ट्रेलियातली एक बाई सोडली तर.

टप्पा उघडा ठेवायचा तर कारणाखालीही दोघांच्या सह्या लागत. तेव्हा सोमवारी विषय निघणारच होता. मी लिहिलेलं कारण त्यांनी वाचलं. म्हणाले, कारण योग्य आहे. मग विचारलं, याआधी तुम्ही अशी कामं आणली आहेत ना? तेव्हा वर्षअखेरीचं काय केलं होतंत?

मला वाटतं त्यांनी सहज विचारलं होतं. जो माणूस एक हरवलेला गोल शोधायला रात्र घालवतो, तो हे विचारणारच.  खोटं बोलणं मला जमलं असतं, पण त्यांच्याशी नाही.

‘सही केली होती,’ मी म्हटलं.

‘न करता?’

‘न करता.’

तिकडे एव्हाना उजाडलं होतं. मला ते ऐकू येत होतं असं लिहिलं तर चूक ठरेल, पण त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ते खिडकीशी गेले असावेत.

परत येऊन ते म्हणाले, ‘माझ्यासाठी थांबलेली तारीख मला वहीत लिहिता येणार नाही.’ मग जरा थट्टेच्या सुरात, ‘आणि आमचा क्लब मी हजर असताना आयुष्यभर हरत आलाय. जिंकायला माझी गरज आहे असं समजू नका.’

त्यांच्याकडे मागच्या तीन वर्षांच्या मार्चअखेरीची सगळी माहिती जपून ठेवलेली होती. त्यावर आम्ही अठ्ठावन्नावा टप्पा केला, रोज एक वर्ष. पहिल्या दिवशी मी दोन चुका केल्या, म्हणून ते वर्ष पुन्हा. चौथ्या दिवशी तिसरी बिनचूक जुळणी झाली. आता मी न बघितलेलं काही उरलं नव्हतं, आणि सही न करण्याचं कारणही. मार्चच्या मध्याला आम्ही दोघांनी चौसष्टावी सही केली. मॅनेजरने केक आणला. पांडानच्या पानांच्या चवीचा, हिरवा. मी एक तुकडा खाल्ला.

शेवटच्या दिवशी त्यांनी वहीची फाइल मला पाठवली. चार सामने राहिले होते आणि क्लब अजून पहिला होता. मी विचारलं, गावात कुणी नाही का लिहायला? ते म्हणाले, गावातले सगळे त्या दिवशी नाचत असतील नाहीतर रडत असतील. मला बेरीज करणारा माणूस हवाय. मग कोणता रकाना कसा भरायचा ते सांगितलं. गोल करणाऱ्याचं नाव, मिनिट, प्रेक्षक, आणि शेवटी हवामान. हवामान ते स्वतः मैदानावर उभं राहून लिहीत. ‘ते तुम्ही सोडून दिलंत तरी चालेल,’ म्हणाले. पुढच्या शुक्रवारी ते गेले. त्यांचं विमान सिंगापूरवरून गेलं का मला माहीत नाही. मी त्या दिवशी दुपारी चारला सवयीने खुर्ची ओढून बसलो, आणि मग उठलो.

पुढचे चार आठवडे मी त्या गावात त्यांच्यापेक्षा जास्त राहिलो. गाडीत, लिफ्टमध्ये, वाण्याच्या रांगेत. शनिवारी संध्याकाळपासून माझ्या कानात वारा सुरू व्हायचा. पहिला सामना क्लबने जिंकला. दुसरा हरला. तिसऱ्यात बरोबरी, आणि दुसऱ्या क्रमांकाचा क्लब एका गुणाच्या अंतरावर येऊन ठेपला. शेवटचा सामना त्या दोघांमधलाच, गावच्या मैदानावर. आमच्या क्लबला बरोबरी पुरत होती. हरला तर दुसरा. आमच्या म्हणतोय खरा. कधीपासून म्हणू लागलो ते नोंदवलेलं नाही.

त्या शनिवारी मी साडेदहाला झोपलो. झोप लागली हेच आश्चर्य. स्वप्नात तक्ता पाण्याखाली होता आणि आकडे माशांसारखे हलत होते. मी एकेक पकडून जागेवर ठेवायचो आणि तो निसटायचा.

रविवारी सकाळी सातला फाइल उघडली, निकाल बघितला, तक्ता पुरा केला. अजून घरात कुणी उठलं नव्हतं. साडेसातला फोन वाजला. ऑस्ट्रेलियाचा नंबर. तिकडे साडेनऊ झालेले. इतके महिने आमच्यात कायम अर्धा दिवस पसरलेला होता. आता दोघांचीही रविवार सकाळ होती. फोनमध्ये एक तान्हं मूल कुरकुरत होतं आणि मागे कुठलेतरी पक्षी मोठ्याने ओरडत होते.

त्यांनी सांगितलं की नातीला दहा दिवस झाले, रात्रभर तिला घेऊन तेच बसले होते, आणि त्यांनी अजून निकाल बघितलेला नाही. तीस वर्षं निकाल मैदानावर डोळ्यांनी बघितला होता, आणि तो एकट्याने स्क्रीनवर वाचायला हात होत नव्हता. कुणीतरी सांगायला हवा होता.

मी सांगू लागलो तसं त्यांनी थांबवलं.

‘तक्ता वाचा. खालून.’

मी दहाव्या क्रमांकापासून सुरुवात केली. नाव, गुण. नववा. आठवा. ते प्रत्येक नावानंतर हुं म्हणत, जसं एखाद्या ओळखीच्या घरावरून जाताना माणूस मान हलवतो. सातवा, सहावा. पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. त्यांनी तिला हळूच थांब म्हटलं. पाचवा. चौथा. माझा आवाज नीट राहावा म्हणून मी गुण जरा जास्तच सावकाश वाचत होतो. तिसरा.

आता दोनच नावं राहिली होती. कुठलं आधी येईल त्यावर सगळं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. तेवढा एक क्षण मी धरून ठेवला असेल. मग दुसऱ्या क्रमांकाचं नाव वाचलं. ते त्यांच्या क्लबचं नव्हतं.

ते म्हणाले, ‘बस.’

मी पहिलं नाव वाचलंच नाही. पलीकडे पक्षी ओरडतच होते.  माझ्या खिडकीतून खालच्या मैदानावर म्हातारी माणसं संथ लयीत हात हलवत व्यायाम करत होती, सगळी एकदम, जणू तीही त्या पाण्याखाली होती.

मग त्यांनी विचारलं, बरोबरी? मी हो म्हटलं. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, ते सांगितलं. त्यांनी प्रेक्षक किती ते विचारलं, तेही सांगितलं. मग विचारलं, हवा कशी होती?

ते माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही.

‘कोरडी,’ ते म्हणाले. ‘पूर्वेकडून वारा. उत्तरार्धात जरा पडला असेल. समुद्र ऐकू येत असणार, कारण शेवटची दहा मिनिटं कुणी बोलत नसणार.’ ते बोलत राहिले. फाटकाजवळची भिंत कुठे ओली राहते, शेवटच्या शिट्टीनंतर पोरं कुठून मैदानात शिरली असतील, कोणता म्हातारा टोपी काढून उभा राहिला असेल. मी मध्ये एकदाही कशावरून असं विचारलं नाही. माझ्यासमोरही तेच मैदान होतं, फक्त माझ्या मैदानावर ते स्वतःही उभे होते, वही घेऊन, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही.

पलीकडे मूल रडायला लागलं. ते म्हणाले, जायला हवं, आता माझी पाळी आहे. फोन ठेवण्यापूर्वी थांबून म्हणाले, ‘शुक्रवारचा शब्द पाळला म्हणून ही हातात आहे. हे लिहायला रकाना नाही तुमच्याकडे.’ मी म्हटलं, नाही.

फोन बंद झाल्यावर मी विजेत्यांच्या यादीत त्या वर्षाची ओळ लिहिली. मग सामन्याच्या ओळीत शेवटच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: कोरडी हवा, पूर्वेचा वारा. ते तसंच सोडणं मला जमेना. खाली बारीक अक्षरात टीप दिली, की ही नोंद सांगणारा त्या दिवशी मैदानावर हजर नव्हता, आणि लिहिणाराही नव्हता. फाइल त्यांना पाठवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. त्यांनी एका खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. टीप वाचली असणारच. ती त्यांनी होती तिथेच ठेवली होती.